संत्र्याखाली मिनी ट्रॅक्टरने गवत कापताना अपघात – क्लच दाबूनही ट्रॅक्टर थांबला नाही

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमची चार एकर संत्रा आहे. झाडं अठरा वर्षांची, लागवड ६ बाय ६ मीटर. तीन वर्षांपासून बागेत वखर आणि रोटाव्हेटर दोन्ही बंद केलं. संत्र्याची पांढरी मुळी वरच्या फूटभर मातीत असते. ती दरवर्षी स्वतःच्या हाताने तोडायची आणि मग झाड पिवळं पडलं म्हणून खताच्या दुकानात जायचं, हे काही पटेना. म्हणून गवत वाढू द्यायचं, गुडघ्याला आलं की कापून तिथंच पाडायचं. त्यासाठी एक जुना १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि मागे चार फुटी रोटरी कटर (आडवी पाती फिरवून गवत कापणारं अवजार) घेतला.

परवा धाकटा भाऊ चालवत होता. अंबिया बहराची फळं भरायला लागलीत, फांद्या खाली आल्यात. कटर बुंध्याला लागू नये म्हणून तो मान वळवून मागे बघत होता. मान परत पुढे केली तेव्हा मनगटाएवढी फांदी छातीला टेकली होती. त्याने क्लच दाबला. पूर्ण दाबला असं शपथेवर सांगतो, आणि तो खोटं बोलणारा नाही. तरी ट्रॅक्टर दीड-दोन हात पुढे सरकत राहिला. फांदी छातीवरून गळ्यावर चढली, पाठ सीटला चिकटली, अंग मागे रेटलं गेलं तसा पाय क्लचवरून सुटला. रेस हाताची, ती लावलेली तशीच. मी दोन ओळी पलीकडे होतो. मला फक्त इंजिनाचा आवाज जड झालेला ऐकू आला आणि मग फांदी मोडल्याचा कडाका.

फांदी मोडली म्हणून भाऊ आहे. गळ्यावर सालीने खरवडल्याचा लाल पट्टा, कानामागे काटा घुसलेला, फासळ्यांना मुका मार. एक्स-रेत मोड नाही.

क्लचची प्लेट दोन महिन्यांपूर्वीच नवीन टाकली आहे. मग ट्रॅक्टर काहून चालला? आणि तुम्ही लोक बुटक्या झाडांच्या बागेत कसं कापता, ते सविस्तर सांगा. भाऊ पुन्हा ट्रॅक्टरवर बसायला तयार आहे, मीच बसू देत नाही.

काटोलकर
भाऊ, आधी धाकट्याकडे लक्ष द्या. छातीच्या मुक्या मारात दोन दिवसांनी धाप लागली, खोकताना कळ आली, किंवा गळ्याला सूज येऊन गिळताना त्रास झाला, तर घरी शेकत बसू नका, परत दवाखान्यात न्या. बाकी उद्या निवांत लिहितो.

मिस्त्री_पीटीओ
प्लेटचा दोष नाही, आणि तुमचा भाऊही खरंच बोलतोय. फक्त एवढं सांगा: क्लच सिंगल आहे की ड्युअल, म्हणजे चाकांना आणि कटरला वेगवेगळा? आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा करून, कटर फिरत असताना क्लच दाबला तर पाती लगेच थांबतात का?

वर्धाकाठ
सिंगल. आत्ताच लावून बघितलं. लगेच थांबत नाहीत, बराच वेळ घुमत राहतात.

मिस्त्री_पीटीओ
मग उत्तर मिळालं. नीट सांगतो, कारण हे विकणारेही सांगत नाहीत आणि जुनी मशीन घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरात पीटीओला (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) फिरवणारी ताकद क्लचच्या मागून, गिअरबॉक्समधून निघते. चाकांनाही तिथूनच जाते. तुम्ही क्लच दाबता तेव्हा इंजिन वेगळं होतं, पण पीटीओ आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. आता मागे काय आहे बघा. रोटरी कटरची पाती आणि ती बसवलेली जाड पट्टी, सगळं भारी लोखंड, जोरात फिरतंय. जातं फिरवून खुंटा सोडला तरी ते दोन-चार फेरे घेतंच, तसं हे लोखंड फिरत राहतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो फेरा शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि तिथून चाकांना. म्हणजे इंजिन सुटलेलं असताना कटर ट्रॅक्टर चालवतो. मोकळ्या रानात हे दीड-दोन हात कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. फांदी छातीला टेकलेली असताना तेवढेच जीवावर येतात.

रोटाव्हेटरला हा अनुभव का येत नाही? कारण त्याचे दात मातीत असतात, माती त्याला धरून थांबवते. गवत काही धरत नाही. म्हणून वर्षानुवर्षं रोटाव्हेटर मारलेला पक्का ड्रायव्हरही कटरवर फसतो.

उपाय आहे आणि फार मोठा नाही. पीटीओच्या टोकाला ओव्हररनिंग क्लच बसवायचा, आमच्याकडे सरळ ‘फ्रीव्हील’ म्हणतात. सायकलचं पायडल थांबवलं तरी मागचं चाक फिरतं ना, तेच तत्त्व. ट्रॅक्टर कटरला फिरवेल, कटर ट्रॅक्टरला फिरवू शकणार नाही. सहा खाचांच्या नेहमीच्या ३५ मिमी पीटीओवर बसणारा जोड मिळतो. बऱ्याच फ्लेल मोवरच्या गिअरबॉक्समध्ये हा आतच दिलेला असतो, साध्या रोटरी कटरमध्ये बहुतेक वेळा नसतो. विकत घेण्याआधी विचारा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हा जोड बसवला की लांबी वाढते. पीटीओ आणि कटर जोडणारा शाफ्ट तेवढा कापून घ्यावा लागतो, आतली आणि बाहेरची नळी दोन्ही सारख्या. तो तसाच ठेवून हायड्रोलिक उचललंत तर शाफ्ट आतून टेकतो आणि ट्रॅक्टरच्या किंवा कटरच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग बाहेर पडतं. उलट जास्त कापला तर नळ्या एकमेकींत पुरेशा उरत नाहीत आणि खड्ड्यात शाफ्ट सुटून काठीसारखा फटकारतो. मोजूनच कापा.

वर्धाकाठ
मिस्त्री, तुमचे उपकार. भावाला वाचून दाखवलं. ‘मी दाबला होता’ एवढंच म्हणाला. चार दिवस घरातला प्रत्येक माणूस त्याला तू क्लच दाबलाच नसशील म्हणत होता, मी धरून.

घोलवडकर
फ्रीव्हील बसवाच. पण ते बसवलं म्हणून फांदीखाली जाऊ नका.

आमच्याकडे चिकू. झाडं दहा-दहा मीटरवर असूनही जुन्या बागा एकमेकींना भिडल्यात. चिकूची फांदी आडवी जाते, मजल्यावर मजला असावा तशी, आणि सर्वांत खालचा मजला बरोबर ड्रायव्हरच्या छातीच्या उंचीवर. वडिलांच्या वेळेपासून आमचा नियम एकच: ट्रॅक्टर उन्हात, कटर सावलीत. दुपारी बारा वाजता झाडाची सावली पडते तिच्या आत ट्रॅक्टरचं बॉनेट जायला नको. आत जायचं ते फक्त अवजार.

त्यासाठी बाजूला सरकणारा कटर घेतला. थ्री पॉइंटवर (ट्रॅक्टरमागे अवजार जोडायची तीन टोकं) तो ट्रॅक्टरच्या मधोमध न राहता उजवीकडे सरकवता येतो, चाकाच्या बाहेर सव्वा फूट तरी निघतो. मी ओळीच्या मधल्या पट्ट्यातून जातो, कटर फांद्यांच्या खालून. आणि कटर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला झाड ठेवायचं, म्हणजे मान वळली तरी फांदी समोर येत नाही. लहान ट्रॅक्टरला हा कटर एका बाजूला ओढतो, स्टिअरिंग सतत थोडं धरून ठेवावं लागतं. सवय होते.

बुंध्याभोवतीचं राहिलेलं गवत? ते राहू द्या, किंवा माणसाने ब्रश कटर घेऊन काढावं. तिथं ट्रॅक्टर घालण्याएवढं महत्त्वाचं ते गवत नाही.

माणदेशी
सांगोल्यात आमच्या डाळिंबाला उंचीचा प्रश्न वेगळाच, झाड झुडपासारखं, खोडं तीन-चार, काटे डोळ्याच्या रेषेत. मी गॉगल लावल्याशिवाय बसत नाही. उन्हाचा गॉगल नव्हे, ग्राइंडरवाले लावतात तो पांढरा, बाजूने बंद असलेला.

आणि ठिबक! १६ मिमीची नळी गवतात दिसत नाही. मागच्या वर्षी एक लॅटरल कटरने उचलली आणि पात्याला गुंडाळत गेली, कळेपर्यंत ऐंशी फूट. पण नळीचं नुकसान ही किरकोळ गोष्ट झाली. ती नळी काढायला मी खाली उतरलो तेव्हा इंजिन चालू होतं. पीटीओ बंद होता, इंजिन चालू. हात पात्यांत. बायको बांधावरून ओरडली म्हणून भानावर आलो. त्यानंतर चावी काढून खिशात घातल्याशिवाय मी कटरला हात लावलेला नाही.

आता कापायच्या आदल्या दिवशी नळ्या उचलून झाडाच्या बेचक्यात टांगतो. दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

पेरूबाग
मी तर रोल बारच (ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी सीटमागची कमान) काढून टाकला. सगळ्या फांद्या त्यालाच अडकायच्या. आता ट्रॅक्टर कुठूनही निघतो. सायलेन्सर उभा होता तोही आडवा करून घेतला.

शिवारकन्या
पेरूबाग दादा, सायलेन्सर आडवा केलात ते उत्तम. रोल बार मात्र परत बसवा, हात जोडून सांगते.

बारला फांदी अडकते तेव्हा काय होतं ते मीही बघितलंय. मागची चाकं रेटत राहतात, बार अडकलेला, मग पुढची चाकं उचलायला लागतात. म्हणजे फांद्यांत उभा बार धोक्याचाच, तुमचं म्हणणं तिथवर खरं. पण बार काढला आणि त्याच ट्रॅक्टरने ओढ्याच्या काठाने, ओल्या बांधावरून परत आलात, ट्रॅक्टर कलंडला, तर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये काहीच उरत नाही. आमच्या पुरंदरच्या अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा उताराच्या, बांधाला बांध. आम्ही घडीचा बार घेतला. ओळींत काम असेपर्यंत मागे पाडलेला, बागेबाहेर पडताना उभा करून पिन लावायची.

बार उभा असेल तर सीटचा पट्टा लावायचा. बार पाडलेला असेल तर पट्टा लावायचा नाही, कारण तेव्हा उलटला तर बांधलेला माणूस सीटवरच चिरडतो.

पेरूबाग
पटलं. पण प्रत्येक ओळीच्या टोकाला उतरून उचल-ठेव कोण करणार?

शिवारकन्या
प्रत्येक ओळीला नाही. आम्ही बागेचे दोन भाग केलेत. आतल्या सपाट ओळी बार पाडून एका दमात. कडेच्या, बांधालगतच्या आणि विहिरीकडच्या ओळी त्या दिवशी करायच्याच नाहीत. त्या ओळींतल्या खालच्या फांद्या छाटून घेतल्यात, तिथं बार उभा ठेवूनच जातो.

शाफ्टचा विषय निघालाच आहे तर सांगते. पीटीओ ५४० फेरे घेतो मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरा. एका सेकंदात तो दोन मीटर कापड गुंडाळतो. गळ्यातला गमछा तेवढाच असतो, ओढणीही तेवढीच. ‘ओढून काढू’ म्हणायलाही वेळ नाही. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या बायकांना मी पदर खोचायला लावायची. नंतर लक्षात आलं की पदर खोचणं हा उपाय नव्हेच, त्या तिथं असणंच चूक आहे. आता कटर चालू असताना हाकेच्या अंतरात कुणी थांबत नाही, दगड उडतो तो वेगळाच. कटरला पुढे-मागे साखळ्यांची झालर आहे, तरी उडतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं की त्याच आठवड्यात नवीन.

आणि कृपा करून मडगार्डवर मुलांना बसवू नका. फांदी ड्रायव्हरला पुढून लागते, त्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं. मडगार्डवरच्या पोराच्या हातात काही नसतं, आणि ते पडतं ते कटरच्या पुढ्यात.

काटोलकर
सगळ्यांचं वाचलं. आता माझं, बागेच्या बाजूने.

आषाढात ज्या फांदीखालून तुम्ही आरामात गेलात ती भाद्रपदात खांद्याला लागते. झाड तेच, ट्रॅक्टर तोच, फांदीवर फळ चढलं. माणूस सवयीने जातो, आणि फसतो तो इथंच. ६ मीटर म्हणजे वीस फूट. तुमच्या वयाच्या झाडाचा घेर चौदा-पंधरा फूट धरला तर मधे पाच-सहा फूट मोकळे. फळं भरली की दोन्हीकडून फांद्या पसरतात, बांबूचे टेकू येतात, आणि तीनच फूट उरतात. साडेतीन फुटी ट्रॅक्टर तिथं न्यायचाच कशाला? माझं कापणं टेकू लावायच्या आधी संपतं. नंतर फळ उतरेपर्यंत ट्रॅक्टर बागेत जात नाही, गवत कितीही वाढो. कटरचा पत्रा टेकूला लागला तर फांदी फळांसकट खाली येते, तीही कधी कधी ड्रायव्हरच्या डोक्यावर.

तोडणी झाली की सल (वाळलेल्या फांद्या) काढताना खालचा घेर उचलून घ्या. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत लोंबणाऱ्या फांद्या काढायच्या. हे फक्त कटरसाठी नाही. जमिनीला टेकलेल्या फांदीवर पावसाचे शिंतोडे उडतात, त्यातून फायटोप्थोरा हा मातीतला रोग वर चढतो. जी फांदी मधल्या पट्ट्यात ड्रायव्हरच्या आड येते, ती एकदाच बुडापासून काढा, अर्धवट शेंडा मारू नका. शेंडा मारलेल्या जागी पाणसोट (सरळ वाढणारे वांझ कोंब) फुटतात आणि पुढच्या वर्षी दाटी दुप्पट.

कटर बुंध्याला लागला असेल तर दुर्लक्ष करू नका. साल निघाली की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) तिथूनच शिरतो. जखम धारदार चाकूने साफ करून बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोडलेल्या फांदीच्या ठिकाणीही लावा. तुमच्या भावाला वाचवणारं झाड आहे ते.

माझे वडील शेवटपर्यंत बागेत बैलानेच वखर चालवत. मी ट्रॅक्टरचा हट्ट धरला तेव्हा म्हणाले होते, बैलाला फांदी दिसते, तो मान खाली घालतो नाहीतर थांबतो. तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं.

आंबेराई
रत्नागिरीकडून. आमच्या कातळावर, उतारावर ट्रॅक्टरचा विषयच नाही, सगळं ब्रश कटरवर. एकच भर घालतो: गांधीलमाशीचं पोळं. कलमाच्या खालच्या फांदीला, पानांआड. ब्रश कटरवाला टाकून पळू तरी शकतो. ट्रॅक्टरवरचा माणूस फांद्यांत अडकलेला असतो आणि घाबरून उडी मारतो, कटर चालू ठेवून. कापायच्या आधी ओळ पायी फिरून बघा.

माणदेशी
+१ पायी फिरण्याला. मला त्यातच दोनदा घोणस दिसलीय.

वर्धाकाठ
पंधरा दिवसांनी लिहितोय. भाऊ बरा आहे, झोपताना कुशीवर वळलं की दुखतं म्हणतो.

फ्रीव्हील बसवलं. शाफ्ट कापायला मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे कटर खाली, मधे आणि पूर्ण वर अशा तिन्ही ठिकाणी मोजून घेतलं. मग धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ट्रॅक्टर गिअरमध्ये, कटर पूर्ण वेगात, आणि क्लच दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला, मागे पाती आपली घुमताहेत. भाऊ बाजूला उभा होता. त्याने मला परत करायला लावलं. तीनदा.

मग त्याला सीटवर बसवून इंजिन बंद ठेवून जमिनीपासून डोक्यापर्यंत टेप लावला. साडेपाच फूट भरले. त्याच्यावर वीतभर धरून सव्वासहा फुटांचा बांबू कापला. आम्ही दोघं तो बांबू उभा धरून प्रत्येक ओळीच्या मधल्या पट्ट्यातून चाललो. बांबूला जी फांदी लागली तिला आईच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली. माझा अंदाज दहा-पंधराचा होता. चार एकरांत एकशे बावीस चिंध्या झाल्या. इतक्या फांद्यांखालून आम्ही तीन वर्षं मान वाकवून जात होतो.

चिंध्या फळं उतरेपर्यंत राहतील, मग त्या फांद्या सल काढताना जातील. तोवर ट्रॅक्टर बागेत नाही. बाजूला सरकणारा कटर या वर्षी परवडणार नाही, पण आहे त्या कटरचे वरचे पिनांचे कान उजवीकडे सरकवून वेल्डिंग करता येतील का, हे मिस्त्रींना विचारायचं होतं.

मिस्त्री_पीटीओ
करू नका. कान सरकवले की शाफ्ट तिरका चालतो, क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) तुटतो. जुना सरकणारा कटर बघा, मीही नजर ठेवतो. चार फुटीच घ्या, १८ एचपीला पाच फुटी झेपणार नाही. आणि नवीन फ्रीव्हीलला ग्रीसचा निप्पल आहे का?

वर्धाकाठ
आहे, बाजूला एक.

मिस्त्री_पीटीओ
मग कापायच्या दिवशी सकाळी क्रॉसबरोबर त्यालाही दोन पंप मारा. ग्रीस सुकलं की ते आतून जाम होतं, आणि जाम झालं की पुन्हा पहिल्यासारखंच ढकलायला लागतं. दर हंगामाला पहिल्या दिवशी धुऱ्यावर क्लच दाबून तपासा, तुम्ही केलंत तसंच.

वर्धाकाठ
लिहून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आतून चिकटवतो. भावाच्याच हाताने.